लेकीचा मैदानातला फोटो

यंदाच्या क्रीडामहोत्सवाची सूचना शाळेतून आली, तेव्हा तिच्या तळाशी एक नवं वाक्य होतं. पालकांनी मैदानावर मोबाईलने फोटो किंवा चित्रीकरण करू नये. कारण दिलेलं नव्हतं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून दोन दिवस नुसता गदारोळ झाला. आमचं पोर, आमचा मोबाईल, शाळेचा काय संबंध, असं म्हणणारे बरेच होते. एकानं तर मग फी पण घेऊ नका, असं लिहून टाकलं. त्या सगळ्या गलक्यात आम्हा मुस्लिम पालकांपैकी बहुतेक जण मात्र गप्प होते. खासगीत भेटले की म्हणत, बरं झालं, एक कटकट मिटली. आम्हा दोघा नवरा-बायकोला हा गप्पपणा पटला नाही. पण तो का आला हे ठाऊक होतं.

आम्ही मलकापूरचे. कराडला लागून, हायवेच्या दोन्ही अंगांना पसरलेलं गाव. २००८ साली नगरपंचायत झाली नि पुढं नगरपरिषद. गाव म्हणायचं तर तेवढं लहान राहिलं नाही, शहर म्हणायचं तर कोण कुणाची पोरगी हे अजून सगळ्यांना कळतं. आमची लेक आठवीत आहे आणि कबड्डी खेळते. चढाईला जाते. टी-शर्ट आणि हाफ पँट हा संघाचा गणवेश. ती आतून लांब बाह्यांचा बनियन आणि पायघोळ लेगिंग घालते. शाळेनं त्यावर कधी हरकत घेतली नाही, आम्हीही कधी फार बोललो नाही. तिचं तिनंच ठरवलेलं आहे.

गेल्या वर्षी तिच्या संघात आणखी एक मुलगी होती. आमच्याच समाजातली, आगाशिवनगरकडून यायची, डाव्या कोपऱ्याला उभी राहायची. पकड अशी घट्ट की समोरचीला मध्यरेषा दिसली तरी गाठता येऊ नये. तालुक्याच्या सामन्यात कुणीतरी तिचा फोटो काढला. कुणी, ते आजवर कळलं नाही. काढणाऱ्यानं कौतुकानंच काढला असणार. तो फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जात जात तिच्या आजोबांच्या गावच्या जमातीच्या ग्रुपवर पोचला. खाली कुणीतरी विचारलं होतं, ही कुणाची लेक? बस्स, एवढंच. शिवी नाही, फतवा नाही. रात्री आजोबांचा फोन आला आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती सरावाला यायची बंद झाली. सरांनी घरी जाऊन विनवलं. अम्मीनं चहा दिला, उत्तर दिलं नाही.

कबड्डीचा फोटो हा प्रकारच अवघड आहे. मैदानावर उभं राहून बघताना चौघींनी एकीला धरलेलं असतं, कुणी पाय, कुणी कंबर. ते दोन सेकंदांत संपतं आणि आपण फक्त गुण मिळाला की गेला एवढंच बघतो. कॅमेरा ते दोन सेकंद गोठवतो. मग टी-शर्ट वर सरकलेला दिसतो, तोंड वेडंवाकडं दिसतं, पाय कुठल्या कुठं गेलेले दिसतात. खेळ त्यातून निघून जातो आणि नुसतं अंग उरतं. मैदानात ज्याला वावगं वाटलं नसतं, त्याला घरी बसून मोबाईलवर ते वावगं वाटू शकतं. त्या आजोबांनी सामना पाहिलेला नव्हता, फोटो पाहिला होता.

आता आमच्याकडं तस्वीर हा शब्द आला की जुने लोक सावध होतात. आमच्या लहानपणी भिंतीवर मक्का-मदिनेचं कॅलेंडर चालायचं, माणसाचा फोटो चालत नसे. पण हजला जायचं तर पासपोर्टला फोटो लागतोच, आणि मतदार ओळखपत्रावर तो आला तेव्हाही कुणी नाही म्हटलं नाही. मोबाईल आल्यावर तर हा वाद आपोआपच थंडावला. आता तकरीरीसुद्धा यूट्यूबवर ऐकल्या जातात, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यासकट. पोरांच्या क्रिकेटचे फोटो जमातीच्या ग्रुपवर खुशाल पडतात आणि खाली माशाअल्लाहची रांग लागते. तेव्हा मूळ हरकत फोटोला उरलेली नाही. ती मुलींच्या फोटोला आहे.

ही गोष्ट आजची नाही. २००५ साली सानिया मिर्झा अठरा वर्षांची होती, टेनिसमध्ये तिचं नाव नुकतं जगात गाजू लागलं होतं आणि आपल्या वर्तमानपत्रांत चर्चा कशाची, तर तिच्या स्कर्टच्या लांबीची. काही मौलवींनी आक्षेप घेतला हे खरं; पण तो आक्षेप छापताना प्रत्येक पेपरानं शेजारी तोच फोटो पुन्हा छापला, हेही तेवढंच खरं. निजामाबादच्या निखत जरीनच्या वडिलांनाही शॉर्ट्सवरून लोकांनी ऐकवलं होतं. ते मुलीच्या पाठीशी राहिले आणि २०२२ साली इस्तंबूलला ती मुष्टियुद्धातली जगज्जेती झाली. मग त्याच लोकांना तिच्यासोबत फोटो हवे झाले असतील, असा आमचा अंदाज.

तरीही गप्प राहणाऱ्या पालकांना मागासलेले म्हणून मोकळं व्हावं, असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्या भीतीला पाया आहे. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाचा प्रकार उघडकीस आला आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’. मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा इंटरनेटवर लिलाव मांडला होता. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, शिकणाऱ्या मुली. फोटो कुणी चोरून काढलेले नव्हते. त्यांनी स्वतःच आपापल्या खात्यांवर टाकलेले होते. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनं काही दिवसांतच अटका केल्या. पकडलेली मंडळी विशी-बाविशीची. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या किती घरांत मुलींच्या मोबाईलवरचा चेहरा जाऊन गुलाबाचं फूल आलं, हे आम्ही पाहिलंय. आता तर चेहरा एकीचा आणि शरीर दुसरीचं असा फोटो बनवायला मिनिटभर पुरतं. अशा काळात एखादा बाप म्हणाला, नको तो फोटोच, तर त्याला काय उत्तर द्यायचं?

आमचं उत्तर असं, की बंदी घातली ती नेमकी चुकीच्या माणसावर. शाळेच्या त्या सूचनेत पालकांना मनाई होती. पण शाळेनं लावलेला फोटोग्राफर मैदानात होताच. त्याचे फोटो संध्याकाळी शाळेच्या फेसबुक पानावर, मुलांची नावं, इयत्ता नि तुकडीसकट. शिवाय संस्थेच्या माहितीपत्रकासाठी वेगळे. म्हणजे जो माणूस तो फोटो घरात जपून ठेवणार, त्याचाच मोबाईल खिशात. आणि जो फोटो जगभर जाणार, त्याला मोकळं रान. आम्ही मुख्याध्यापकांना हे विचारलं. ते म्हणाले, संस्थेचं धोरण आहे. पुढं बोलणं झालं नाही.

कायदाही याच्या उलट्या बाजूनं विचार करतो. आपल्याकडं २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती एखाद्या संस्थेनं वापरायची, तर आई-बापाची पडताळता येईल अशी संमती हवी, असं तो म्हणतो. आणि एखाद्या व्यक्तीनं घरगुती, वैयक्तिक कारणासाठी काही केलं तर त्याला हा कायदा लागूच नाही. ब्रिटनमध्ये २००० नंतर बऱ्याच शाळांनी क्रीडादिनी कॅमेऱ्यांवर बंदी घातली, कायद्याचं नाव पुढं करून. शेवटी तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला सांगावं लागलं की घरच्या अल्बमसाठी पालकांनी काढलेल्या फोटोशी त्या कायद्याचा संबंध नाही. आमच्याकडं बंदी घालताना कायद्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

पण कायद्यापेक्षा आम्हाला दुसरी गोष्ट जास्त लागते. आमच्या घरांतले जुने फोटो काढून बघा. मुलीचा एक फोटो शाळेच्या ओळखपत्राचा, एखादा ईदचा, सगळ्या भावंडांत उभी असलेली. त्यानंतर एकदम लग्नाचा अल्बम. मधली आठ-दहा वर्षं ती बाई कुठं होती? आमची एक खाला शाळेत असताना शंभर मीटरला तालुक्यात पहिली आली होती, असं ती सांगते. तिच्याकडं ना प्रमाणपत्र आहे, ना फोटो. प्रमाणपत्र घर बदलताना गेलं, फोटो कुणी काढलाच नव्हता. आता तिचे गुडघे दुखतात, जिना चढताना ती थांबते आणि नातवंडं हसतात, नानी आणि पळणार! ती पण हसते. आम्हाला ते हसणं बघवत नाही.

इथून जवळच गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन ते परतले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात आणि आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेत त्या दिवशी लंगोट लावलेल्या खाशाबांचा फोटो लागतो. त्या उघड्या अंगाकडं बघून कुणालाही काही वाटत नाही, वाटूही नये. तो खेळाचा पोशाख आहे. आमच्या पोरींच्या पूर्ण झाकलेल्या पायांनाही हाच न्याय मिळायला काय हरकत आहे, हे आम्ही कुणाला विचारायचं?

घरात आम्ही एक रीत ठेवली आहे. सामन्याच्या आदल्या रात्री लेकीला विचारायचं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिला गंमत वाटली. मग तिनं चक्क अटी घातल्या. ‘पकडमेंका नक्को काडो अब्बा, सलामी लेते वक्तका काडो. और हारे तो एकबी नक्को.’ बालहक्कांच्या ज्या संहितेवर भारतानं १९९२ साली मान्यता दिली, तिच्यात मुलाला आपलं मत मांडायचा हक्क आहे असं कलम आहे म्हणे. आमच्या घरात तो हक्क अशा दख्खनीत बजावला जातो. एकदा हरल्यावर तिनं स्वतःच सांगितलं, आज काढा, आज मी बोनस रेषेवरून चार गुण आणलेत. आम्ही बाप-आई असून आम्हाला ते सुचलं नसतं.

दुसऱ्याची मुलगी चौकटीत आली तर तो फोटो बाहेर पाठवायचा नाही. ही अट आमची. ती पाळणं सोपं नाही, कारण कबड्डी एकटीचा खेळ नाही आणि चांगला फोटो हटकून चौघींचा निघतो. आमच्या मोबाईलमध्ये असे कितीतरी सुंदर फोटो पडून आहेत. शाळेनंही एवढंच केलं असतं तरी पुरे होतं : पालकांना मैदानाच्या एका बाजूला उभं राहू द्यायचं, आपापल्या मुलाचा फोटो काढू द्यायचा आणि फेसबुकवर नाव-इयत्तेसकट टाकायच्या आधी घरी एक कागद पाठवायचा. पालकसभेत आम्ही हे मांडलं. यावेळी आमच्या समाजातल्या दोन आया बोलल्या. पहिल्यांदाच बोलल्या, आणि आमच्यापेक्षा चांगल्या बोलल्या. एक म्हणाली, माझ्या पोरीचा फोटो मी नाही काढायचा तर कुणी काढायचा? फेसबुकवर नावं टाकणं शाळेनं थांबवलंय. मोबाईलचं अजून ठरलेलं नाही.

डाव्या कोपऱ्यावरच्या त्या मुलीचा एक फोटो आमच्याकडं होता. सामन्याआधी संघ रांगेत उभा आहे, ती टोकाला, हात पाठीमागे बांधून, हसू दाबलेलं. ढेबेवाडी फाट्यावरच्या स्टुडिओत त्याच्या सात प्रती काढून आम्ही सातही घरी दिल्या, पाकिटात घालून, हातोहात. सहा घरांनी ठेवून घेतल्या. तिच्या घरून पाकीट चार दिवसांनी परत आलं. तिच्या धाकट्या भावानं आणून दिलं. अम्मीनं सांगितलंय तुमच्याकडंच राहू दे, असं म्हणाला आणि सायकलवर बसून गेला. पाकीट उघडलेलं होतं. आम्ही मागे तिचं नाव, तारीख आणि सामन्याचे गुण लिहून ते कपाटात ठेवलंय.