शुद्ध हरपली, की नुसती चक्कर?

वाचकहो, आपल्याकडे ‘पास आउट’ म्हटले की शिक्षण पूर्ण झाल्याचा आनंद आठवतो. ‘नातू यंदा इंजिनिअरिंग पास आउट झाला,’ असे पेढे वाटताना आपण सहज सांगतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील दीक्षान्त संचलनही ‘पासिंग आउट परेड’ याच नावाने ओळखले जाते. इंग्लंड-अमेरिकेतील रुग्णालयात मात्र याच शब्दाचा अर्थ ‘शुद्ध हरपणे’ असा होतो.

माझी थोरली बहीण लेकीकडे अमेरिकेत असताना न्हाणीघराच्या दाराशी कोसळली. तेथील परिचारिकेने विचारले, ‘डिड यू पास आउट?’ अक्का संकोचून ‘नो, नो’ म्हणाली. मॅट्रिकनंतर तिची शाळा सुटली होती ना! कागदावर ‘शुद्ध हरपली नाही’ अशी नोंद झाली. भाचीने मराठीत विचारले, तेव्हा खरी हकीकत कळली आणि तपासणीची दिशाच बदलली.

अर्थात, गोंधळ केवळ इंग्रजीचा नाही. आपणही सारे काही ‘चक्कर आली’ या दोन शब्दांत गुंडाळतो. घर गरगर फिरणे वेगळे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे, चालताना तोल जाणे वेगळे आणि शुद्ध हरपणे तर फारच वेगळे. मराठीत इतके नेमके शब्द असताना डॉक्टरांपुढे कंजुषी कशाला?

उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर ती नोंद घेण्याजोगी बाब ठरते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या आणि पाणी कमी पिणे ही त्याची नेहमीची कारणे. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. अंथरुणातून उठताना आधी काठावर क्षणभर बसावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, कोसळलेल्या माणसाला मधले काही आठवत नसते. म्हणून तुमची साक्ष मोलाची. किती वेळ शुद्ध नव्हती, चेहरा पांढरा पडला का, हातपाय झटकले का, हे टिपून ठेवा. श्वास नीट चालू असेल तर त्यांना आडवे ठेवून पाय किंचित उंच करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखू लागले, बोलणे अडखळले किंवा डोक्याला मार लागला, तर तत्काळ 108 क्रमांक फिरवा.