नाणे खरे, समजूत खोटी

उमरीच्या बाजारपेठेतील एका किराणा दुकानात खेड्यावरून आलेली एक वृद्धा साखर आणि चहापत्ती घेते. पदराची गाठ सोडून ती दहा रुपयांची नाणी पुढे ठेवते. दुकानदार हात आखडता घेतो.

"आजी, ही चालत नाहीत. नोट द्या."

"घ्या की सावकार, कष्टाचीच हायेत."

आजी मुकाट्याने साखरेचा पुडा परत ठेवते. त्याच वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकाची, दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली दहाची नोट निमूटपणे गल्ल्यात जाते.

पुण्या-मुंबईत सहज चालणारे हे नाणे मराठवाड्याच्या अनेक गावांत नाकारले जाते. कोणी म्हणतो, दहा रेषांचे खरे, पंधरा रेषांचे खोटे. कोणाला रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे बनावट वाटते. वस्तुतः ते चिन्ह नाण्यांवर २०११ मध्ये आले. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कसे? दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी स्पष्ट केले. रुपया व त्यावरील मूल्याच्या नाण्यांनी एक हजारापर्यंतची रक्कम चुकती करण्यास २०११ च्या नाणे अधिनियमाची मान्यता आहे.

दुकानदाराला हे ठाऊक नाही असे नाही. "मी घेईन हो, पण माझ्याकडून पुढे कोण घेणार?" हे त्याचे खरे उत्तर. अविश्वास नाण्यावर नाही, शेजाऱ्यावर आहे.

गादीवर बसलेले त्याचे वृद्ध वडील हे ऐकत असतात. निजामी राजवटीत याच मुलखात हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार दोन्ही चालत. सुमारे सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब त्यांचे वडील तोंडी करीत.

"अरे, दोन राज्यांची नाणी आपल्या पेढीने सांभाळली आणि तू एका देशाचे नाणे परत करतोस? दिवाळीला वहीवर नाणे ठेवून हात जोडतोस, ते कशासाठी?"

मुलगा क्षणभर गप्प राहतो. मग तो पायरी उतरू लागलेल्या आजीला हाक मारतो, नाणी मोजून गल्ल्यात टाकतो आणि साखरेचा पुडा तिच्या पिशवीत ठेवतो. पुढच्या गिऱ्हाइकाला दहा रुपये परत द्यायचे असतात. तो त्यांतलेच एक नाणे त्याच्या हातावर ठेवतो.

"घ्या. नाही चाललं, तर माझ्याकडे परत आणा."