दोन पेरं

ही गेली, आणि तिच्या झाडांपैकी एक मॉन्स्टेरा तेवढा माझ्याकडे राहिला. कातरल्यासारख्या मोठ्या पानांचा. मला झाडांतलं काही कळत नाही. जन्म शाळेत गेला, त्यामुळे वेळापत्रक तेवढं पाठ! सकाळी सातला तांब्याभर पाणी, संध्याकाळी सातला तांब्याभर. महिन्याभरात पानं पिवळी पडू लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. वाढवलं.

शेवटी माळीबुवांना बोलावलं. त्यांनी झाड कुंडीतून काढलं. निम्मी मुळं काळी, मऊ, कुजलेली.

"गुरुजी, मुळांना हवाही लागते. चिखलात गुदमरतात ती."

दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलात हा वेल मोठ्या झाडांच्या खोडांवर चढतो. माझ्या कुंडीत त्याचा पार चिखल झाला होता. बुवांनी कुजकी मुळं कापली, भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावलं आणि सांगितलं, "दोन पेरं बोट मातीत खुपसायचं. कोरडं लागलं तरच पाणी."

आजारपणात मी हिला तासातासाला विचारायचो, "पाणी देऊ?" ती म्हणायची, "अहो, तहान लागली की मागेन. नुसते बसा ना जवळ." पण मी आपला कधी औषधं लाव, कधी चादर बदल. बसलो नाही.

असो. आता रोज सकाळी बोट खुपसून बघतो. बहुतेक दिवशी पाणी द्यावं लागत नाही. मग तिथेच स्टूल ओढून बसतो.

परवा नवं पान उलगडलं. लहानसं, एकही काप नसलेलं. झाड सावरलं की पुढच्या पानांना काप येतील, असं बुवा म्हणतात.

मला घाई नाही.