वाफ

वाफ ही काय मुद्दाम बघायला जायची वस्तू आहे? चहाच्या कपावर ती असते, इडलीपात्रात असते आणि सर्दी झाली की डोक्यावर टॉवेल घेऊन फुकट मिळते. पण अमेरिकेतल्या मेहुण्याने आम्हाला हवाई बेटावर नेलं आणि तिथल्या ज्वालामुखी उद्यानात रीतसर प्रवेशशुल्क भरून वाफेपुढे उभं केलं. हे उद्यान १९१६ सालचं. किलाउएया ज्वालामुखीच्या विवराचा काठ, काठाशी कठडा, जमिनीला भेग आणि भेगेतून वाफ. इडली नाहीच.

"भाऊजी, ही पावसाची वाफ बरं का," मेहुणा म्हणाला. पाऊस जमिनीत मुरतो, खालच्या तापलेल्या खडकांना भिडतो आणि वाफ होऊन वर येतो. म्हणजे भरणा ढगांचा आणि वटवणार ज्वालामुखी! आमच्या काउंटरवर पैसे इतक्या तत्परतेने परत मिळाले, तर खातेदार पेढे वाटतील.

भोवती झाड म्हणून नव्हतं. काही फुटांखाली जमीन इतकी तापलेली असते, की झाडांची खोल जाणारी मुळं जगत नाहीत. टिकतं ते उथळ मुळांचं गवत. साहेबांच्या केबिनबाहेर वीस वर्षं काढल्यामुळे मला हे लगेच पटलं.

तसा आपला सह्याद्रीही लाव्हाच्याच थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण ते खातं केव्हाच बंद झालं. इथलं चालू आहे. २०१८ साली इथल्या हालेमाउमाउ विवराचा तळ शेकडो फूट खचला. तिथे पेले देवीचा वास आहे, असं हवाईची मूळची माणसं मानतात. मी आपला मनातल्या मनात हात जोडले. देवी परकी असली तरी तापट होती.

चार हजार फुटांवरचा गारठा. मेहुणा गाडीत जाऊन बसला. माझा चष्मा धुरकटला. सौ. मात्र कठडा धरून, डोळे मिटून, चेहऱ्यावर वाफ घेत उभीच.

"अगं, चल ना. काय आहे त्यात एवढं?"

"अहो, वीस वर्षांत ही पहिली वाफ, जिच्या शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत. खाली गॅस कुणाचा का असेना, बंद करायला मला उठायचं नाहीये."

यावर कॉमर्सच्या पदवीधराला काही सुचेना. वीस वर्षं ती मोजत होती आणि मी नुसता जेवत होतो. तेवढ्यात मेहुण्याने हॉर्न दिला. तिकडे उगीच हॉर्न देत नाहीत. पण माणूस मूळचा सदाशिव पेठेतला.

डोळे न उघडता सौ. म्हणाली, "एक झाली. तीन झाल्या की निघू."