काकींचा बिडाचा तवा

साताऱ्यात पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत काकी आमच्या शेजारी राहायला आल्या, तेव्हा मी पाचवीत होते. काका आधी कोयना प्रकल्पावर पोफळीला होते, तिथून त्यांची बदली साताऱ्याला झाली. काकींचं माहेर-सासर दोन्ही चिपळूण तालुक्यातलं, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं. कोयनेचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, तिथे वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. काकी म्हणायच्या, "तुमच्या सातारचं पाणी आमच्या नदीला येतं, मग आमचे नारळ तुमच्याकडे यायला नकोत?" आणि खरोखरच घाट चढून पाटणमार्गे येणाऱ्या एसटीतून त्यांच्या दिराने पाठवलेलं नारळांचं पोतं यायचं. सोललेले नारळ, पण शेंडी ठेवलेले. त्या शेंडीचा उपयोग मला पुढे कळला.

आम्ही माण तालुक्यातले. जोंधळा, बाजरी, हुलगे, मटकी हे आमचं धान्य. तांदूळ सणाला किंवा आजाऱ्याला. आईच्या मते भाताने पोट भरायचंच नाही. ती १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई. लाल मिलोच्या भाकरीवर आणि सुकडीवर काढलेल्या त्या दिवसांचं तिने कधी भांडवल केलं नाही, पण अन्न कुणी दिलं, कधी दिलं हे ती विसरत नसे. काकींकडून वाटी आली की ती रिकामी परत जायची नाही. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी जोंधळ्याचं पीठ, बहुतेक वेळा हुलगे. आमच्याकडे हुलग्यांचं माडगं व्हायचं, काकी त्याच हुलग्यांची पिठी करायच्या आणि वाटीभर आम्हालाच पाठवायच्या. मग ती वाटी परत करताना आई पुन्हा काहीतरी शोधायची. हा हिशेब कधी मिटला नाही आणि मिटू नये अशीच दोघींची इच्छा असावी. गौरी जेवायच्या दिवशी आमच्याकडून पुरणपोळी जायची, त्यांच्याकडून घावन-घाटलं यायचं.

मी सातवीत असताना आईला टायफॉइड झाला. सरकारी दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिला भिंत धरून चालावं लागत होतं. वडील कार्यालयात, धाकटा भाऊ दुसरीत. काकी सकाळी आपलं घर आवरून आमच्या स्वयंपाकघरात यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचा भाकरीचा तवा हातात घेतला आणि खाली ठेवला. भाकरीचा तवा कोरडा, पिठाने आणि पाण्याने तापलेला, त्यावर घावन सुटत नाही. त्या घरी गेल्या आणि आपला बिडाचा तवा घेऊन आल्या. जड, काळाभोर, वर्षानुवर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेला. आईच्या पोटाला भाकरी झेपत नव्हती आणि नुसत्या भाताला तिचं मन तयार नव्हतं. काकींनी मधला मार्ग काढला.

एरवी त्या घावनाचं पीठ पाण्यात भिजवायच्या. आईसाठी मात्र नारळाच्या रसात. खोबरं खवून कोमट पाण्यात वाटायचं आणि पिळायचं. हा पहिला, दाट रस बाजूला ठेवायचा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा, पातळ रस काढायचा. धुऊन सावलीत वाळवलेल्या जुन्या तांदळाचं दळून आणलेलं पीठ दोन वाट्या, दुसरा रस साधारण तीन वाट्या, मीठ. पीठ ताकाइतकं पातळ हवं. तांदूळ जुनाच का, तर नवा तांदूळ चिकट असतो, घावन तव्याला धरतं. आमच्याकडे पाटणचा नवा तांदूळ कुणी आणून दिला होता, तो काकींनी भातासाठी ठेवायला सांगितला.

नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवायची. तवा चांगला तापू द्यायचा, कारण पातळ पिठातलं पाणी तापल्या तव्यावर एकदम वाफ होऊन वर फुटतं आणि त्यानेच जाळी पडते. तवा कोमट असेल तर पांढरा, मुका गोळा होतो. तांदळात गव्हासारखा चिकटा नाही, म्हणून घावन पळीने पसरायचं नसतं. कडेकडेने ओतत आत यायचं, राहिलेल्या भोकांत थोडं थोडं सोडायचं आणि झाकण ठेवायचं. रस घातलेलं पीठ लवकर लाल होतं, तेव्हा ओतल्यावर आच कमी करायची. आणि दर घावनाला पातेलं तळापासून ढवळायचं, नाहीतर पीठ खाली बसतं आणि शेवटची घावनं जाडजूड होतात. उलटायचं नाही. कडा सुटल्या की उचलून फडक्यावर टाकायचं, गरम असताना एकावर एक रचायचं नाही.

काकी हे असं सलग सांगत नसत. माझ्या हातात पळी देत, माझ्या मनगटाला हात लावत आणि म्हणत, "बाय, वरनं वत. घाबरू नको." आईच्या ताटात चौपदरी घडी केलेलं घावन आणि वाटीत पहिला रस, त्यात किसलेला गूळ आणि वेलची. आई पहिल्यांदा ते घावन खात होती तेव्हा काकी तिच्यासमोर पाटावर बसून होत्या, आई खाईपर्यंत उठल्या नाहीत. आई बरी झाली, भाकऱ्या थापू लागली, पण काकींनी तवा परत नेला नाही. "राहू दे, माझ्याकडे दुसरा आहे," म्हणाल्या. दुसरा नव्हता. गावाहून मागवलेला तवा काही महिन्यांनी आला, हे आईला फार नंतर कळलं. आईने त्या तव्यावर कधी भाकरी भाजली नाही, कुणाला भाजू दिली नाही.

लग्नानंतर तो तवा माझ्याबरोबर सांगलीला आला. विश्रामबागेत आमच्या गल्लीत एक केरळी सिस्टर राहायच्या. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं इस्पितळ उभं केलं. परिचारिका म्हणून केरळच्या मुली इथे आल्या आणि कित्येक जणी इथल्याच झाल्या. सिस्टरांनी माझी घावनं खाल्ली आणि पुढच्या नाताळात मला अप्पम खायला बोलावलं. तांदूळ तोच, नारळ तोच, पण पीठ रात्रभर आंबवलेलं आणि कढई खोलगट. पीठ ओतून कढई हातात धरून गोल फिरवायची, म्हणजे कडा जाळीदार आणि मधला भाग मऊ, फुगीर होतो. पिठात थोडा तांदूळ जाडसर दळून, शिजवून घालतात, त्याला त्या कप्पी म्हणत. श्रीलंकेतही असे अप्पम करतात, असं त्यांनी सांगितलं. जोंधळ्याच्या मुलखात, कृष्णेच्या काठी बसून चिपळूणच्या काकी आणि केरळच्या सिस्टर मला एकाच पंगतीत दिसल्या. सिस्टरांच्या वाटीतून मी सांगलीची हळद पाठवली. आईची सवय माझ्या हाताला लागली होती.

काकी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची नात पुण्यात वाढली आणि इंजिनीअरिंगला वालचंद कॉलेजात आली. वसतिगृहातून दर रविवारी माझ्याकडे यायची. आजीच्या हातचं तिला आठवत नव्हतं, ती फारच लहान होती. मी तिला पळी दिली, मनगट धरलं. शेवटच्या वर्षी नोकरी लागून ती निघाली तेव्हा मी तवा तिच्यासमोर ठेवला. तिने तो उचलून पाहिला. "आत्या, हा इंडक्शनवर चालेल?"

चालतो. बिडाला इंडक्शन लागू पडतं आणि या तव्याचं बूड सपाट आहे. फक्त एकदम मोठ्या आचेवर ठेवायचा नाही, हळूहळू तापवायचा, साबण लावायचा नाही, धुतला की पुसून तेलाचा हात फिरवायचा. हे सगळं मी तिला कागदावर लिहून दिलं.

परवा तिचा फोन आला. घावनं जमली, पण रस फुटला होता. गूळ घालून तिने रस उकळला होता. मी सांगितलं, गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळव, गार होऊ दे, मग रसात घाल. रस चुलीवर चढवायचाच नाही. शेजारी कुणी आहे का, हेही विचारलं. समोरच्या फ्लॅटमध्ये ओडिशाची एक मुलगी आहे, तिला घावनं फार आवडली, म्हणाली.