गाठ सोडा, मग वाचा

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. वस्तू घडी करून, बोचक्यात बांधून माळ्यावर टाकणाऱ्यांचा एक. आणि तीच वस्तू ऐनवेळी शोधणाऱ्यांचा दुसरा. पहिल्यात आमची ही, दुसऱ्यात मी एकटा.

पुतण्याने माझ्या जुन्या संगणकावर डेबियन बसवून दिलं आणि हा वाद तिथेही शिरला. परवा रात्री सोसायटीच्या सभेची नोटीस छापायची होती. नवा प्रिंटर काही जोडून घेईना. म्हटलं, माहितीपत्रकं यंत्रातच आहेत, शोधू. 'ग्रेप' हा हुकूम सोडला. ढिम्म! पुतण्याला फोन लावला.

"काका, त्या फायली जीझिपने आवळलेल्या असतात. 'झेडग्रेप' म्हणा."

म्हणजे बोचकंच की!

मग कळलं की तसा नियमच आहे. मॅन पेजेस 'जीझिप उणे नऊ'ने आवळायची. नऊ म्हणजे गुडघा रोवून गाठ मारणं! बाकीची माहितीपत्रकं चार किलोबाइटच्या वर गेली की त्यांचीही तीच गत. कॉपीराइटचा कागद मात्र कधीही आवळायचा नाही. जो कुणी उघडत नाही, तेवढा एक उघडा!

चार किलोबाइटचं गणित मला पटलं. डिस्कवर बहुधा तेवढेच खण असतात. तीन किलोबाइटची फाइल आवळून एक केली, तरी खण अडतो तो अडतोच. पण बाकीच्यांचं काय? डेबियन निघालं १९९३ साली, तेव्हा डिस्क मेगाबाइटांत मोजायचे. आज माझ्याकडे पाचशे गिगाबाइट आहेत आणि त्यात भरायला माझ्याकडे काही नाही. शिवाय पॅकेज येतं तेच मुळात आवळलेलं. ते सोडायचं, तर आत पुन्हा गाठोडी!

"हजार-दोन हजार पॅकेजांचा हिशेब करा, काका. आणि लहान यंत्रं वापरणारे लोकही आहेत." पुतण्या काकूवर गेलाय.

मॅन पेजेसबद्दल माझी तक्रार नाही. 'मॅन' हा हुकूम गाठ स्वतःच सोडतो. पण 'रीडमी'? 'मला वाचा' असं नाव ठेवायचं आणि तोंड बांधायचं?

रात्री साडेअकराला निदान सापडलं. प्रिंटर जोडायला 'एलपीअ‍ॅडमिन' गटात नाव लागतं आणि माझं नव्हतं. सोसायटीचा सेक्रेटरी, आणि घरच्या प्रिंटरवर हक्क नाही! नाव घातलं, नोटीस निघाली.

ही दारात उभी होती. "सापडलं ना शेवटी? मग बांधून ठेवा परत."