दंडाच्या रकमेपासून नरकापर्यंत: 'डॅम्नेशन' या शब्दाचा प्रवास

१/ 'डॅम्नेशन' म्हटले की डोळ्यांसमोर नरकाग्नी आणि कधीही न संपणारी शिक्षा उभी राहते. परंतु या शब्दाचे मूळ सापडते ते रोमन कायद्यात. तिथे त्याचा अर्थ होता नुकसान, तेही पैशांत मोजून भरून देता येण्याजोगे.

२/ लॅटिन 'दाम्नुम' म्हणजे तोटा. त्यावरून आर्थिक दंड. परंपरेने इ.स.पू. २८७च्या सुमाराचा मानला जाणारा अक्विलियन कायदा सांगतो: दुसऱ्याचा गुलाम किंवा चतुष्पाद पाळीव जनावर अन्यायाने मारणाऱ्याने त्याची त्या वर्षातील सर्वाधिक किंमत मालकास द्यावी. अशा देण्याने बांधला गेलेला तो 'दाम्नास'. देणे फिटले की बंधनही सुटे.

३/ ५व्या शतकात संत ऑगस्टीन यांच्यापुढे आक्षेप होता: अल्पकाळात घडलेल्या पापाला अनंत शिक्षा कशी? 'सिटी ऑफ गॉड'च्या २१व्या खंडात उत्तर देताना त्यांनी सिसेरोने सांगितलेले शिक्षेचे आठ प्रकार मांडले. त्यांतला पहिलाच 'दाम्नुम'. पुढे बेड्या, फटके, हद्दपारी, मृत्यू वगैरे. गुन्ह्याला जितका वेळ लागला तितकीच शिक्षेची मुदत, असे कायदाही सहसा मानत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. दाखला न्यायालयाचा होता. निष्कर्ष मात्र मुदत नसलेल्या शिक्षेचा.

४/ तरीही 'तोटा' हा अर्थ पुसला गेला नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंतांनी नरकातील शिक्षेचे दोन भाग केले. एक इंद्रियांना होणारी वेदना. दुसरी 'पोएना दाम्नी', म्हणजे ईश्वरदर्शनाला कायमचे मुकणे. दुसरी अधिक भयंकर मानली गेली.

५/ खरी गुंतागुंत झाली इंग्रजी भाषांतरात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात पौल म्हणतो की, अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेणारा स्वतःवर 'क्रिमा' ओढवून घेतो. या ग्रीक शब्दाचा अर्थ न्यायनिवाडा. विल्यम टिंडेल यांनी १५२६ साली आणि किंग जेम्स आवृत्तीने १६११ साली तेथे 'डॅम्नेशन' घातले.

६/ वास्तविक तीनच वचनांपुढे पौल स्पष्ट करतो की, ही शिक्षा सुधारण्यासाठी आहे. जगाबरोबर दोषी ठरू नये म्हणून आहे. पण त्या एका शब्दाने हा भेद झाकोळला. १६६२च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातील उपदेशातही तोच शब्द होता आणि तो चर्चमध्ये मोठ्याने वाचला जाई. आपण अपात्र तर नाही ना, या धास्तीने कित्येक भाविक प्रभुभोजनापासून दूरच राहिले. ज्यांची सदसद्विवेकबुद्धी अधिक जागी, त्यांनाच हे भय अधिक.

७/ १८८१च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने तेथे 'न्याय' या अर्थाचा शब्द घातला. तोवर पिढ्या उलटल्या होत्या.

८/ मराठी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायारंभी 'दंडाज्ञा' हा शब्द येतो. त्यातला 'दंड' आपण वाहतूक पोलिसाकडेही भरतो. 'दाम्नुम'चा तोच जुना व्यवहारी अर्थ १८७२च्या भारतीय करार कायद्यातील कलम १२४च्या 'इंडेम्निटी'त, म्हणजे हानिरक्षणाच्या करारात, आजही टिकून आहे. तिथे तोटा अजूनही भरून देता येतो.